दोघांत एक किल्ली

मंचावर समई पेटलेली होती, हळबे सरांच्या गळ्यात हार होता आणि कुलगुरू हात जोडून बाजूला उभे होते. अशा वेळी शहात्तर वर्षांच्या, दृष्टी गेलेल्या माणसाला ‘आता तुम्ही एकटे चाला’ असं सांगणार कोण?

सूचनापत्रकात ते स्पष्ट लिहिलेलं होतं. नोंदणी करणाऱ्याने तीस पावलं एकट्याने चालावं, जवळ दुसरं कोणी असू नये. पण ज्याने ते पत्रक लिहिलं त्याने उद्घाटनाचा विचार केला नव्हता. विद्यापीठाचं नवं बिनतारी जाळं सुरू होणार होतं आणि पहिली नोंदणी सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापकाची व्हावी असं ठरलं होतं. सर मंचाच्या कडेला थबकले, तसे कुलसचिव पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडे वळले.

“तू सरांची वाचक ना? जा, हात दे त्यांना.”

शलाका पाष्टे चपला काढून वर गेली. सरांचा उजवा हात तिने आपल्या डाव्या दंडावर घेतला आणि दोघं तीस पावलं चालली. टाळ्या झाल्या. नेटवर्क कक्षातला मांजरेकर संगणकाशी बसला होता. त्याला चूक लगेच दिसली. पण एकदा मान्यवर मंचावरून उतरले की त्यांना परत वर चढवायची रीत नसते. त्याने पडद्यावरच्या आकृतीसमोर दोन नावं लिहिली, हळबे आणि पाष्टे, आणि यंत्र शहाणं आहे, दोघांना वेगळं करील, अशी स्वतःची समजूत घातली.

यंत्राने तसं काही केलं नाही.

ही गोष्ट पासवर्ड गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आवाजाची नक्कल होऊ लागली, चेहऱ्याची होऊ लागली, बोटांच्या ठशांचीही होऊ लागली, तेव्हा माणसाकडे नक्कल न होण्यासारखं काय उरलं याचा शोध सुरू झाला. उत्तर अगदी साधं निघालं. माणूस चालतो कसा, हे.

आपल्याभोवतीची हवा रेडिओलहरींनी भरलेली असते. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी असतं आणि पाणी या लहरींना अडवतं, शोषतं, वळवतं. तळ्यात उभ्या असलेल्या माणसाभोवती तरंग वेगळे होतात, तसंच काहीसं हवेतही होत असतं. फक्त ते आपल्याला दिसत नाही. खांदा पुढे आला की एखाद्या वारंवारितेवर लहर किंचित क्षीण होते, टाच उचलली की दुसऱ्या एखादीवर किंचित बळावते. छतावरच्या आणि दिव्यांच्या खांबांवरच्या अँटेना एका सेकंदात अशा हजारो चढउतारांची नोंद करतात. तीस पावलांत एवढी नोंद जमते की तिच्यातून माणसाची एक आकृती तयार होते, आणि ती दुसऱ्या कुणाची नसते. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलांना तर यंत्र सगळ्यात लवकर ओळखायचं, कारण चाकांची लय चुकत नाही. काठी मात्र त्याला जमत नसे. काठी दर वेळी वेगळीच पडते.

सकाळी फाटकातून आत आलं, तीसेक पावलं चाललं, की खिशातल्या यंत्राला चार तासांची किल्ली मिळे. त्या किल्लीने वाचनालय उघडे, टपाल उघडे, प्रयोगशाळेचं दार उघडे. चार तासांनी पुन्हा थोडं चालायचं. बसून राहणाऱ्या प्राध्यापकांना त्यामुळे व्यायाम होतो, असं विद्यापीठाच्या वार्षिक अहवालातही छापून आलं होतं.

शलाका मात्र उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी फाटकापासून वाचनालयापर्यंत तीनदा चालली आणि तिन्ही वेळा दार बंदच राहिलं.

“मी कोण आहे ते सांगा त्याला,” ती मांजरेकरला म्हणाली.

“त्याला तू माहीत आहेस गं,” मांजरेकर म्हणाला. तो सावंतवाडीकडचा, पस्तिशीतला, आणि कुठलीही वाईट बातमी चहा विचारल्यासारखी सांगणारा. “पण त्याच्या लेखी तू अर्धी आहेस. उरलेली अर्धी तिकडे प्राध्यापक निवासात बसून पेज खातेय.”

“म्हणजे?”

“म्हणजे सरांना घेऊन ये.”

ती सरांना घेऊन आली. दोघं हाताला हात लावून तीस पावलं चालली आणि वाचनालयाचं दार सावकाश बाजूला सरकलं. सरांच्या खिशातलं वाचनयंत्र प्रसन्न आवाजात म्हणालं, “नमस्कार, हळबे पाष्टे.”

“हे तर लग्नपत्रिकेसारखं वाटतंय,” सर म्हणाले.

“दुरुस्त करा ना दादा,” शलाका मांजरेकरला म्हणाली.

“जूनमध्ये,” मांजरेकर म्हणाला. “एकेक माणूस वेगळा शिकवता येत नाही त्याला. अख्खं जाळं पुन्हा शिकवावं लागतं. वर्षातून दोनदा, जून आणि नोव्हेंबर.”

“मग तोवर पासवर्ड द्या.”

“कुलूपच काढून टाकलंय. किल्ली कशाला देऊ?”

त्या जूनला सरांना ताप होता. नोव्हेंबरात शलाका खडकाचे नमुने आणायला देवगडकडे गेली होती. त्याच्या पुढच्या जूनमध्ये दोघांपैकी कुणी विषयच काढला नाही.

खरं कारण दोघांनाही माहीत होतं. अच्युत हळबे चाळीस वर्षं भूशास्त्र शिकवत होते. विद्यापीठाभोवतीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, जांभा दगड त्यांनी इतका पालथा घातला होता की कुठल्या चिऱ्याचा रंग कुठल्या वाडीतला हे ते सांगू शकत. सत्तरीत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर महिन्याभरात ते एकदा, केवळ सवयीच्या भरवशावर, एकटेच फिरायला निघाले आणि सोडून दिलेल्या चिरेखाणीत पडले. फार खोल नव्हती ती, पुरुषभर असेल. पण कुणी हाक ऐकेपर्यंत साडेतीन तास गेले. त्या दिवसापासून ते दुसऱ्याच्या हाताशिवाय एक पाऊलही टाकत नसत, स्वतःच्या घरात भिंतीला हात लावून जात तेवढंच.

जांभ्यावरचं त्यांचं पुस्तक अर्धं झालं होतं. ते बोलत, वाचनयंत्र ते जाळ्यात साठवून ठेवी, आणि शलाका रोज दोन तास जुने अहवाल त्यांना वाचून दाखवी, सांगितलेलं तपासून देई. तिचा स्वतःचा प्रबंध जांभ्यातून पाणी कसं वाट काढतं यावर होता. म्हणून तर तिने ही वाचकाची जागा घेतली होती.

आता मात्र दोन तासांनी भागत नव्हतं. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला त्यांना एकत्र चालावंच लागे. सुरुवातीला तिला याचा कंटाळा यायचा. दुपारी सर वामकुक्षी घेत, ती ओट्यावर बसून घड्याळ बघे. प्रयोगशाळेत तिची किल्ली मध्येच संपली की मैत्रिणी म्हणत, “जा, तुझी बाकीची निम्मी घेऊन ये.” टपालपेट्याही दोघांच्या दोघांना उघडत. सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची आठवण तिच्या फोनवर येई आणि तिने मागवलेल्या निळ्या सँडलची पावती वाचनयंत्र सरांना मोठ्याने वाचून दाखवी.

“निळा कसला? आकाशी का गर्द?” सर विचारत.

“मोरपिशी.”

“मग तसं लिहायला नको का त्यांनी.”

हळूहळू कंटाळा विरघळला. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. सड्यावर झाडं नाहीत. नुसता पसरलेला काळपट लाल कातळ, त्याच्या पलीकडे खाडीची रुपेरी रेघ आणि त्याही पलीकडे समुद्राचा नुसता उजेड. श्रावणात कातळाच्या खळग्यांत पाणी साठे आणि त्या पाण्याच्या कडेने निळी, पिवळी, करंगळीच्या नखाएवढी फुलं उगवत. ती काय उगवलंय ते सांगे आणि सर पायाने जमीन चाचपून त्याखाली काय आहे ते सांगत.

“इथे पोकळ आहे. टाच आपट. ऐकलंस? खाली पाण्याने खोली करून ठेवलीये.”

“किती मोठी?”

“आपण दोघं मांडी घालून बसू एवढी. वर छप्पर वीतभर जाडीचं. घाबरू नकोस, दहा हजार वर्षं धरलंय ते. आजही धरील.”

एकदा दोघं चालत असताना मांजरेकरने त्यांना आपल्या कक्षात बोलावून पडदा दाखवला. म्हणजे शलाकाला दाखवला आणि सरांना सांगितला. बाकीची माणसं पडद्यावर उभ्या, थरथरत्या ज्योतींसारखी दिसत होती. मघाच्या त्यांच्या चालण्याच्या नोंदीत मात्र दोन ज्योती नव्हत्या. सावकाश पुढे सरकणारा एकच ढग होता, चार पायांचा, मध्ये किंचित उजळ.

“मध्ये ते उजळ काय आहे?” शलाकाने विचारलं.

“तुमच्या दोघांतली हवा. तिकडून लहरी आरपार जातात.”

सर म्हणाले, “मला वर्णन नीट कर. ढग म्हणजे कसला, पावसाळी का उन्हाळी?” आणि तिने खरंच नीट बघून सांगितलं, “उन्हाळी.”

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला लडाखमधल्या एका भूजल केंद्राचं पत्र आलं. हिमनदीखालून पाणी खडकात कसं झिरपतं याचा अभ्यास करायला दोन वर्षांची जागा. पंधरा डिसेंबरला हजर व्हायचं. तिच्यासारख्या मुलीला अशी जागा मिळणं म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अर्ज करताना तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. उमेदवाराने आपला चालीचा नमुना सध्याच्या संस्थेकडून पाठवावा. एकट्या व्यक्तीचा.

ती पत्र घेऊन मांजरेकरकडे गेली. त्याने ते दोनदा वाचलं आणि खुर्ची मागे ढकलली.

“नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी जाळं पुन्हा शिकवतोय. त्यात तुला एकटीला चालवतो. पण तुमचा जोडनमुना पुसावा लागेल, त्याशिवाय तुझा वेगळा धरत नाही ते.”

“आणि सर?”

“त्यांनाही एकट्याने चालावं लागेल. तीस पावलं.”

“नाही चालले तर?”

“तर जूनपर्यंत त्यांना किल्ली नाही. वाचनयंत्र नाही, साठवलेलं पुस्तक नाही.” त्याने नजर पडद्याकडे वळवली. “दुसऱ्या कुणाचा हात धरून नोंदवता येणार नाही. तुमच्या घोळानंतर तो नियम पक्का केलाय. मीच लिहिलाय, काय सांगू.”

जूनपर्यंत सात महिने. सर आताशा एकेका प्रकरणावर आधीसारखे झपाट्याने जात नव्हते. मध्येच एखादा शब्द शोधत थांबायचे. सात महिने गप्प बसायला लावलं तर ते पुस्तक पुन्हा हातात घेतील का, याचा हिशेब शलाकाला मांडता येईना, आणि ज्याचा हिशेब मांडता येत नाही अशा गोष्टीची तिला शाळेपासूनच भीती होती.

तिने सरांना काही सांगितलं नाही. फक्त एकदा, पाचच्या फेरीत, सहज विचारल्यासारखं विचारलं, “सर, एकट्याने चालून बघायचं का कधी? इथे सपाट आहे. मी शेजारीच आहे.”

“कशाला?” सर म्हणाले. “तू आहेस की.”

तिने विषय सोडून दिला. दोघं पुढे गेली. गवत पिकून सोनेरी झालं होतं आणि वारा आला की सगळा सडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखा दिसे. आपण इथून कधी गेलोच नाही, इथेच दिवसातून तीनदा असेच चालत राहिलो, असं एक दृश्य तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला त्याचा राग आला नाही, याचंच तिला नवल वाटलं.

आठवड्याने तिने नकाराचं पत्र लिहायला घेतलं. वाचनालयाच्या पायरीवर बसून तिने चार ओळी लिहिल्या, वैयक्तिक कारणांमुळे ही जागा स्वीकारता येत नाही वगैरे, आणि पाठवायचं धाडस न झाल्याने मसुदा तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी नऊच्या फेरीत सर फाटकापाशीच थांबले.

“तुझा नकार वाईट लिहिलायस.”

तिचा दंड त्यांच्या हाताखाली ताठ झाला.

“दुसऱ्या ओळीत तू म्हणतेस, वैयक्तिक कारणांमुळे. मी वैयक्तिक कारण आहे का?”

“तुम्हाला कसं...” आणि तिला आठवलं. एकच किल्ली. दोन टपालपेट्या.

“ते पत्र आलं तेव्हा तू वर्गात होतीस. माझ्या यंत्राने मला तुझ्याआधी वाचून दाखवलं. आनंद झाला मला. एकट्यालाच झाला, कारण तू सांगेनास.”

“तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू सांगशील म्हणून थांबलो होतो. तू तर नकार लिहून मोकळी.”

“सर, सात महिने तुमचं पुस्तक बंद पडेल.”

“पुस्तक माझं आहे ना?”

“हो, पण...”

“मग त्याची काळजी माझ्याकडे राहू दे. तू खडकातलं पाणी बघतेस. पाण्याने वाट बदलली म्हणून दगड कधी कुणाकडे तक्रार करतो का?” ते थोडे हसले, मग हसू तसंच ओसरलं. “शनिवारी दोघांची नावं दे. आणि तो मसुदा खोडून टाक. काल संध्याकाळभर मला तो पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होतं ते यंत्र.”

“तुम्ही चालाल एकटे?”

“चल आता, उन्हं वर आली,” सर म्हणाले.

शनिवारी सकाळी सड्यावर धुकं होतं. सभागृहाच्या उंच खिडक्यांतून ते आत येऊ पाहतंय असं वाटत होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या. नोंदणीसाठी अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळा दिल्या होत्या आणि पहिली वेळ यांची होती. शलाका सरांना घ्यायला त्यांच्या घरी गेली तेव्हा दाराला कडी होती. ती धावतच सभागृहात आली. सर पहिल्या रांगेत बसलेले होते, अनवाणी.

“तुम्हाला कोणी आणलं?”

“माझ्या स्कूटरवरून,” संगणकामागून मांजरेकर म्हणाला. “रोजच्यासारखं.”

“रोजच्यासारखं म्हणजे?”

“तीन आठवडे झाले. सकाळी सहाला. पहिल्या दिवशी चार पावलं चालले आणि मंचावरच खाली बसले. मी उचलायला गेलो तर म्हणाले, लांब राहा, नोंद बिघडेल.” मांजरेकरने चष्मा पुसला. “नोंद चालूच नव्हती. मी सांगितलं नाही.”

“मांजरेकर, तुमचं बोलणं झालं असेल तर जाळं सुरू करा,” सर म्हणाले.

ते उठले. तीन पायऱ्या त्यांनी मोजून चढल्या. मंचाच्या कडेशी उभे राहून त्यांनी उजवा हात सवयीने बाजूला धरला, मग तो मागे घेतला आणि सोडून दिला. पाचवं, सहावं पाऊल पडलं. शलाकाने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. अकराव्या पावलाला त्यांची दिशा किंचित ढळली. विसाव्याला ते थेट कडेकडे निघाले होते. मंच कमरेएवढा उंच होता.

तिने तोंड उघडलं. मांजरेकरने मान हलवून नको म्हटलं.

कडेपासून दीड हातावर सर थांबले. त्यांनी टाच आपटली. फळ्यांचा पोकळ आवाज सभागृहभर फिरला. ते ऐकत राहिले, जसे कातळावर ऐकायचे तसे. मग पुन्हा टाच आपटली, डावीकडे वळले आणि उरलेली दहा पावलं सरळ चालले.

“एक,” मांजरेकर म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “अच्युत हळबे. एक व्यक्ती. झालं सर.”

सर मंचावरून उतरून आपल्या खुर्चीत बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “आता तू,” ते म्हणाले.

शलाका वर गेली आणि चालली. तीस पावलं, सरळ, न अडखळता. तिचं मन इतकं हलकं झालं होतं की मोजायचंही भान राहिलं नाही.

मांजरेकर पडद्याजवळ वाकून बघत होता.

“काय झालं?”

“पुन्हा चाल जरा.”

ती पुन्हा चालली.

“दोन,” मांजरेकर म्हणाला. “दोन व्यक्ती दाखवतंय.”

तिने मागे वळून बघितलं. मंच रिकामा होता. मांजरेकरने अँटेना तपासल्या, सरांना आणखी मागच्या रांगेत बसवलं, स्वतःही दूर जाऊन उभा राहिला. ती चालली. दोन. चौथ्यांदा, मुद्दाम भरभर. तरी दोन.

यंत्र माणसं मोजत नाही. ते लहरींतला बदल मोजतं आणि त्यावरून माणसं किती असतील याचा अंदाज बांधतं. दोन वर्षं, दिवसातून तीनदा, शलाकाच्या एका विशिष्ट झुकण्याशेजारी त्याला दुसरं शरीर सापडत आलं होतं. जोडनमुना सकाळीच पुसला होता, पण अंदाजाची सवय पुसता येत नव्हती. ते झुकणं दिसलं की यंत्र शेजारी कुणीतरी आहे असं धरून चाले.

“पुन्हा एकदा चाल,” मागच्या रांगेतून सर म्हणाले. “मला ऐकू दे.”

ती चालली. सर मान तिरपी करून ऐकत होते.

“डावं पाऊल उशिरा टाकतेस. माझं पाऊल पडेपर्यंत थांबतेस. आणि वळताना मोठं वळण घेतेस, माझ्यासाठी जागा ठेवून.”

तिने आपल्याकडे पाहिलं. तिचा डावा हात कोपरात दुमडून बाजूला धरलेला होता. तो खाली सोडला तर खांदा उघडा पडल्यासारखा वाटला.

“पूर्वी कशी चालायचीस?” मांजरेकरने विचारलं.

तिला आठवेना. लांज्याच्या शाळेची वाट आठवली, चढ आठवला, दप्तर आठवलं. चालणारी मुलगी मात्र तिला पाठमोरीसुद्धा दिसेना. तीस पावलं सरांना जड जातील म्हणून ती तीन आठवडे झोपली नव्हती, आणि आता तिलाच ती जमत नव्हती. साडेनऊची नोंदणीवाली मुलं दाराशी येऊन उभी होती. मांजरेकरने घड्याळाकडे बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

“मी इथे बसलोय म्हणून होतंय हे,” सर म्हणाले.

“लहरींना तुम्ही तिथून लागत नाही, सर,” मांजरेकर म्हणाला.

“लहरींचं नाही म्हणत मी.”

ते उठले. खुर्च्यांच्या पाठींना स्पर्श करत मधल्या वाटेपर्यंत आले आणि मग स्पर्श सोडून दिला. दारातली मुलं बाजूला झाली. त्यांच्यातल्या एकीने हात पुढे केला, तेवढ्यात काहीतरी कळल्यासारखा मागे घेतला. सर उंबऱ्याशी पोचले आणि काचेचं दार त्यांच्यासाठी आपोआप उघडलं. वाचनयंत्राचा प्रसन्न आवाज आतपर्यंत आला. “नमस्कार, अच्युत हळबे.”

दार बंद झालं.

शलाका मंचाच्या कडेशी उभी होती. तिच्या डाव्या बाजूला आता खरोखरच कुणी नव्हतं, सभागृहातही नव्हतं. ती जागा थंडगार वाटत होती, अंगावरून कुणी पांघरूण काढून घ्यावं तशी. कातळाखालच्या त्या पोकळ खोल्या तिच्या मनात आल्या. पाणी तिथून कधीच निघून गेलेलं असतं आणि छप्पर तरी उभं असतं.

तिने पाऊल टाकलं. मग दुसरं, कुणासाठी न थांबता. सातव्या-आठव्या पावलाला तिचा डावा हात हलायला लागला, आधी अवघडून, मग आपसूक. डोळ्यांत पाणी आल्याने तिला मंच धूसर दिसत होता. ती तशीच चालत राहिली, वळली, आणि वळण लहान झालं.

“एक,” मांजरेकर म्हणाला. “शलाका पाष्टे. पाठवतो लडाखला.” मग संगणकातून डोकं वर न काढता, “जा आता. इथे रांग लागलीये.”

तिने चपला हातातच घेतल्या आणि बाहेर आली. पायऱ्यांवर सर नव्हते. धुकं कातळावर गुडघ्याएवढं उतरलं होतं. त्यात सत्तर-ऐंशी पावलं पुढे सर चालले होते, प्राध्यापक निवासाच्या दिशेने, एकटे. जरा धावली असती तर ती त्यांना गाठू शकली असती.

ती जागेवरच उभी राहिली. सरांचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली होता. मान पुढे काढलेली होती, जणू कुणी हळू आवाजात काही सांगत होतं आणि ते ऐकत होते. प्रत्येक पाऊल ते सपाट ठेवत, दगडाला विचारून मगच पुढचं उचलत. दोन वर्षं ती त्यांच्या शेजारून चालली होती. ते चालतात कसे, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.